पुडीवर पान, आत कॅफिन

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात भरतीची तयारी करणारं पोरगं आहे, किंवा ज्यांच्या शेतात सध्या ऊसतोड चालू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला मैदानावर होतो. वजन वाढलंय म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलंय, म्हणून जातो. आमच्या मैदानावर त्या वेळी शंभरेक पोरं-पोरी पळत असतात. पोलीस भरती, सैन्य भरती. अंधारात नुसता बुटांचा आवाज येतो. त्यातलं एक पोरगं, वय असेल एकोणीस-वीस, तिसऱ्या चक्करनंतर कडेला येऊन बसलं. छातीवर हात. चेहरा पांढरा. बोटं थरथरत होती. मित्रांनी पाणी मारलं. मी जवळ गेलो तर म्हणाला, "काही नाही काका, जरा धडधडतंय. होईल कमी."

म्हटलं, काय खाल्लंय सकाळपासून? तर म्हणे, काहीच नाही. फक्त दोन पुड्या आणि एक कॅन.

कसल्या पुड्या? त्यानं ट्रॅकपँटच्या खिशातून रिकामी पुडी काढून दाखवली. हिरवा रंग, वर एक पान, खाली मुळीचं चित्र, पळणारा माणूस. मोठ्या अक्षरात 'हर्बल' आणि 'थकवा विसरा'. मी मोबाईलचा टॉर्च लावला, चष्मा वर केला आणि मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. अश्वगंधा अर्क, जिनसेंग अर्क, ग्वाराना अर्क, ग्रीन टी अर्क. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: कॅफिन, १५० मिलीग्रॅम.

पोराला म्हटलं, अरे हे काय आहे माहितीये का? तो म्हणाला, "काका, हर्बल आहे. त्यानं काही होत नाही."

ही पोस्ट त्या एका वाक्याबद्दल आहे.

त्याला आम्ही गाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, दोन तास झोपवून ठेवलं, सलाईन लावलं, घरी सोडलं. वाचला, ठणठणीत आहे. पण डॉक्टरांनी "काय घेतलं होतंस?" असं विचारलं तेव्हाही तो आधी म्हणाला, "काही नाही." पुडी मी दाखवली. त्याच्या डोक्यात ती 'काही' या सदरात येतच नव्हती. दारू घेतली असती, गोळी घेतली असती, तर सांगितलं असतं किंवा लपवलं तरी असतं. पानाचं चित्र असलेली पुडी सांगायची कशाला, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

आता हिशेब करू. दोन पुड्यांचे ३००. वर २५० मिलीचा कॅन. आपल्याकडच्या नियमानं अशा पेयात एका लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलीग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे कॅनमध्ये ७५ पर्यंत. एकूण ३७५. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली सांगितलं, की निरोगी प्रौढ माणसानं एका वेळी २०० आणि दिवसभरात मिळून ४०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन घेतलं तर काळजी नाही. ह्या पोरानं जवळजवळ अख्ख्या दिवसाचा कोटा अर्ध्या तासात, उपाशीपोटी घेतला आणि लगेच जीव तोडून पळायला लागला.

आणि हे फक्त छापलेलं कॅफिन. खरी गोम पुढं आहे.

ग्वाराना म्हणजे काय? ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यातली एक वेल. तिच्या बिया दळून वापरतात. त्या बियांमध्ये कॉफीच्या बियांपेक्षा जास्त कॅफिन असतं. ग्रीन टी म्हणजे चहाचीच पानं, त्यातही कॅफिन. म्हणजे पुडीवर जी 'वनस्पती' म्हणून छापलीय, त्यातल्या दोन वनस्पती कॅफिनच्याच थैल्या आहेत. ग्वारानात किती, ग्रीन टीत किती, याचा आकडा त्या पुडीवर नव्हता. १५० फक्त वरून घातलेल्या पांढऱ्या भुकटीचे. बाकीचं वनस्पतीच्या नावावर आत शिरलं. याला मी तरी चलाखीच म्हणतो. गिऱ्हाईकाला वाटतं चार जडीबुटी आणि थोडं कॅफिन. प्रत्यक्षात कॅफिन, अजून कॅफिन, अजून थोडं कॅफिन आणि शोभेला अश्वगंधा.

दुसरी जागा सांगतो. आमच्याकडं कारखान्याचा पट्टा. बीड-धाराशिवकडच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात, गावाबाहेर कोप्या पडतात. दरवर्षी एखादी बातमी करायला जातो. यंदा कोपीबाहेर रिकाम्या बाटल्या आणि तसल्याच पुड्यांचा ढीग दिसला. आधी वाटलं गड्यांचं असेल. एका मावशीला विचारलं. ती म्हणाली, "बाया बी घेत्यात दादा. दिसभर मोळ्या वाहून हात उचलत न्हाई. हे पेलं की रातची गाडी भरून व्हती. मुकादमच आणून देतो, नंतर हिशोबात लावतो."

परत एकदा वाचा. हिशोबात लावतो. थकवा तिचा, गाडी कारखान्याची आणि बाटलीचे पैसे तिच्या उचलीत.

ज्या उसाची मोळी तिनं डोक्यावर वाहिली, त्याचीच साखर घालून, फेस आणून, रंग देऊन वीस रुपयाला तिलाच परत विकायची. असा धंदा एखाद्या कथेत लिहिला असता तर लोक म्हणाले असते, अतिशयोक्ती करतोस.

आता थोडं शरीराचं समजून घेऊ. मी डॉक्टर नाही, पण हे कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडतं. आपण जागे असतो, काम करतो, तसा मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो ठरलेल्या जागी जाऊन बसला की शरीर म्हणतं, बास, आता थांब. कॅफिन काय करतं? त्या जागेवर आधीच जाऊन बसतं. निरोप पोचतच नाही. ॲडेनोसिन तसाच साठलेला, स्नायू तसेच दमलेले, रक्तात लोह तितकंच कमी, पोटात अन्न तितकंच कमी. फक्त कळत नाही. गाडीच्या डिझेलचा काटा शून्यावर आलाय आणि तुम्ही काट्यावर चिकटपट्टी लावली, तर टाकी भरते का?

वर कॅफिन शरीरातून लवकर जात नाही. साधारण पाच तासांनी निम्मं उरतं. संध्याकाळी सहाला बाटली प्यायलेल्या मावशीच्या अंगात रात्री अकरालाही निम्मं कॅफिन असतं. पहाटे तीनला उठून परत फडात जायचं. जी चार तास झोप मिळणार होती, तिचीही वाट लागली. दुसऱ्या दिवशी थकवा जास्त, म्हणून बाटली एकाच्या दोन. हे चक्र चालू करायला वीस रुपये लागतात. थांबवायला काय लागतं, ते ज्याच्या घरात आहे त्याला विचारा.

लोक म्हणतील, तू आयुर्वेदाच्या विरोधात आहेस. अजिबात नाही. माझ्या आईच्या गुडघ्यावर वैद्यांचंच तेल चालतं. उलट आयुर्वेदाची बाजू घेऊनच मी बोलतोय. अश्वगंधा बल देणारी मानतात, वैद्य ती देतात, कबूल. पण वैद्य नाडी बघतो, भूक-झोप विचारतो, पोट बघतो, मग किती आणि कशाबरोबर ते सांगतो. 'दोन पुड्या मार आणि पळ' असं कुठला वैद्य सांगतो? आणि शुद्ध कॅफिन ही चीज वेगळी काढली गेली १८१९ साली, जर्मनीत, रुंगे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. म्हणजे ती जेमतेम दोनशे वर्षांची. ती पुडीत घालायची आणि वर छापायचं 'हजारो वर्षांची परंपरा'. परंपरेचं नाव वापरलं की प्रश्न विचारणाराच गुन्हेगार ठरतो, हे यांना पक्कं ठाऊक आहे.

अश्वगंधेच्या बाबतीतही 'वनस्पती म्हणजे निर्धोक' हे खरं नाही. २०२१ मध्ये आपल्याच आयुष मंत्रालयानं कंपन्यांना सांगितलं, की मुळी वापरा, पानं वापरू नका. २०२३ मध्ये डेन्मार्कनं अश्वगंधेवर बंदी घातली. डेन्मार्कचं बरोबर की चूक यावर वाद आहे, असू दे. पण ज्या वस्तूवर सरकारं आणि शास्त्रज्ञ वाद घालतायत, ती पानटपरीवर खाऱ्या दाण्यांच्या शेजारी लटकवायची का?

कोणी म्हणेल, चहाचं काय? आलं, गवती चहा, वेलची घालून आपण दिवसातून पाच वेळा पितो, ते पण वनस्पती आणि उत्तेजकच की. मुद्दा रास्त आहे. मी स्वतः चहाबाज माणूस, प्रेसमध्ये पानं लावताना किती कप होतात ते सांगत नाही. पण फरक बघा. टपरीच्या कटिंगमध्ये कॅफिन असतं साधारण २०-३० मिलीग्रॅम. तो गरम असतो, फुंकून प्यावा लागतो. ३७५ मिलीग्रॅम चहातून घ्यायचे तर बारा-पंधरा कटिंग लागतील, त्याआधी माणूस हात जोडेल. आणि मुख्य म्हणजे चहा प्यायलेला माणूस डॉक्टरला सांगतो, चहा जरा जास्त झाला. चहा औषध असल्याचं सोंग आणत नाही.

हे आपल्याकडंच घडतंय असंही नाही. असल्या पेयांचा इतिहासच कष्टकऱ्यांच्या थकव्यावर उभा आहे. थायलंडमध्ये १९७० च्या दशकात चालेओ युविद्या यांनी लाल बैलांचं चित्र असलेलं कॅफिनचं पेय काढलं. ते प्यायचे ट्रकवाले, मजूर, रात्रपाळीचे कामगार. पुढं एका ऑस्ट्रियन व्यापाऱ्यानं त्यांच्याशी भागीदारी केली आणि १९८७ मध्ये तेच रेड बुल म्हणून युरोपात आलं. चकचकीत झालं, मोटारींच्या शर्यतीत गेलं. आता फिरून परत मजुराकडं आलंय, वीस रुपयाच्या बाटलीत.

अमेरिकेत काय झालं? तिथं इफेड्रा नावाच्या चिनी वनस्पतीचा अर्क आणि कॅफिन एकत्र करून गोळ्या विकायचे. वजन घटवा, दम वाढवा. 'नैसर्गिक' म्हणून औषधाचे कडक नियम लागायचे नाहीत. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेकलर नावाचा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावात उष्माघातानं कोसळला आणि गेला. तो इफेड्राची गोळी घेत होता आणि मृत्यूच्या तपासणीत तिचा वाटा असल्याचं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकी सरकारनं इफेड्राच्या असल्या उत्पादनांवर बंदी आणली.

बंदी आली म्हणून धंदा थांबला का? नाही. मग डीएमएए नावाचं उत्तेजक आलं. ते 'जिरॅनियमच्या झाडातलं' आहे असं सांगून व्यायामाआधीच्या पावडरीत घातलं गेलं. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये क्लेअर स्क्वायर्स ही ३० वर्षांची धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळून गेली. तिच्या पाण्यात ती पावडर होती. झाडाचं नाव बदलतं, पुडीचा रंग बदलतो, डाव तोच.

आपल्या देशाचंही उदाहरण आहे. २०१० च्या आशियाई स्पर्धेत महिलांच्या चार बाय चारशे रिलेत भारताला सुवर्ण मिळालं. दुसऱ्याच वर्षी त्या चमूतल्या तिघी उत्तेजक चाचणीत सापडल्या. त्यांचं म्हणणं, आम्हाला प्रशिक्षकानं चीनमधून आणलेलं जिनसेंग दिलं होतं, त्यात स्टेरॉईड निघालं. प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली, खेळाडूंवर बंदी आली. म्हणजे देशासाठी पळणाऱ्या, ज्यांच्यामागं डॉक्टर, मसाजवाले, अधिकारी असतात, त्यांना जिनसेंगच्या डबीत काय आहे ते कळलं नाही. मग आमच्या मैदानावरच्या पोराला कसं कळावं? त्याच्यामागं कोण आहे? आई-बाप, एक एकर कोरडवाहू आणि ॲकॅडमीची थकलेली फी.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं कायदा नाही का? आहे की. २०१५ मध्ये, मॅगीचा गाजावाजा चालला होता त्याच सुमारास, केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मॉन्स्टर या एनर्जी ड्रिंकला बाजारातून माल परत घ्यायला लावला. कारण काय दिलं? जिनसेंग आणि कॅफिन हे एकत्र घालणं तर्काला धरून नाही. नीट वाचा. दहा वर्षांपूर्वी देशाच्या सर्वोच्च अन्न यंत्रणेनं ज्या मिश्रणावर हरकत घेतली, तेच मिश्रण परवा त्या पोराच्या खिशातून निघालं.

बाटलीबंद पेयांसाठी मानकं आहेत. लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिन. बाटलीवर लिहावं लागतं, की मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना हे योग्य नाही, दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये. लिहिलेलं असतंही. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, बाटलीच्या पाठीवर. कोपीतली मावशी ते वाचणार? पाचवीतलं पोरगं वाचणार? दुकानदारानं तरी वाचलंय का, हे मी चार ठिकाणी विचारलं. चौघंही हसले.

जुलै २०२४ मध्ये आपल्या विधान परिषदेत तेव्हाच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी सांगितलं, की शाळेच्या ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी करू. सगळ्या पेपरांत बातमी आली. मीही पहिल्या पानावर लावली. आज आमच्या गावात शाळेच्या गेटपासून पावलं मोजत गेलो. एकशे दहाव्या पावलाला फ्रीज आहे. लाल बाटल्या समोरच्या रांगेत, दूध मागं.

आणि पुडीचा कारभार आणखी निसटता. बाटलीला लागतो तो नियम पावडरीला लागत नाही. कुणी अन्नाच्या, पूरक आहाराच्या परवान्यावर विकतो, कुणी आयुर्वेदिक औषधाच्या. सामान्य माणसानं तक्रार करायची तर ती कुठल्या टेबलावर, हेच त्याला माहीत नसतं. जिल्ह्याच्या गावी जायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि ऐकायचं काय, "हे आमच्याकडं येत नाही."

आता मुख्य गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते.

आपण थकव्याला रोग समजायला लागलोय. थकवा ही तक्रार आहे. शरीर काहीतरी सांगतंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत ४८ टक्के होतं. निम्म्याहून जास्त बायका रक्ताशिवाय राबतायत. त्यांना थकवा येणार नाही तर काय येणार? त्याचं उत्तर हिमोग्लोबिनची तपासणी, लोहाच्या गोळ्या, डाळ-भाजी आणि झोप. आपण देतोय पानाचं चित्र असलेली पुडी.

ऊसतोडीत एक दिवस कोयता खाली ठेवला की खाडा लागतो. दंड मजुरीतून कापतात, आजारी असलं तरी. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत काम थांबू नये, खाडा पडू नये, दुखणं परवडत नाही, म्हणून पिशवीच काढून टाकायची. तेव्हा आपण आठ दिवस हळहळलो. आता थकव्यानं काम थांबू नये म्हणून बाटली. मला ही त्याच रस्त्यावरची पुढची पायरी वाटते. कामाला शरीराच्या बेतानं बसवायचं सोडून शरीराला कामाच्या बेतानं कापायचं, गप्प करायचं.

भरतीच्या पोरांचंही तेच. १६०० मीटर पाच-सव्वापाच मिनिटात काढायचं, त्यावर मार्क. शेकडो जागा, लाखो अर्ज. पोराला दोन वर्षं सकस खायला मिळालं, रात्री आठ तास झोप मिळाली, कुणी शास्त्रशुद्ध सराव करून घेतला, तर तो काढेलही. पण ते महाग. पुडी स्वस्त. शिवाय काही ॲकॅडमीवालेच पुड्या विकतात, हे मी कानानं ऐकलंय आणि डोळ्यानं पाहिलंय. आणि पुडीनं नाही झालं तर पुढं इंजेक्शनवाला उभाच असतो. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा रक्तदाब पडला तर द्यायचं मेफेंटरमाईन जिममध्ये टोचल्याच्या, ते पकडल्याच्या बातम्या राज्यातल्या किती शहरांतून येतात बघा. 'काही होत नाही' हे वाक्य एकदा जिभेवर बसलं की पुढची पायरी सोपी होते.

आता माझी कबुली. नुसतं दुसऱ्यावर बोट दाखवून चालणार नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या दिवाळी अंकाला मागच्या मलपृष्ठावर अशाच एका पावडरची जाहिरात होती. रंगीत, पूर्ण पान. ती मी आणली होती. वितरक गावातलाच, ओळखीचा. पंधरा टक्के कमिशन मिळालं, त्यातून मुलीची सायकल आली. पुडीवर काय लिहिलंय ते मी तेव्हा वाचलं नव्हतं. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, वीस वर्षं बातम्या लिहिणारा, मागची बाजू वाचली नाही. पुढच्या बाजूचे पैसे घेतले. त्या पोराच्या शेजारी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा हेच डोक्यात फिरत होतं. यंदा तोच वितरक आला होता. नाही म्हणालो. चहा पाजला आणि नाही म्हणालो. तो रागावलाय. अंकाचा खड्डा कसा भरायचा ते बघू.

मागण्या साध्या आहेत. क्रांती वगैरे काही नाही.

१. पुडी असो की बाटली, वनस्पतीतलं धरून एकूण कॅफिन किती मिलीग्रॅम, हे समोरच्या बाजूला, मराठीत, मोठ्या आकड्यात छापा. पानाचं चित्र जेवढं मोठं, तेवढाच आकडा मोठा.

२. कॅफिन घातलेल्या मालावर 'हर्बल' शब्द मिरवायला बंदी करा.

३. शाळेपासून ५०० मीटरची घोषणा झालीय. ती मोजायला टेप घेऊन माणूस पाठवा. नसेल तर मी येतो.

४. अन्न व औषध प्रशासनानं तालुक्याच्या बाजारातून आणि भरती ॲकॅडम्यांतून नमुने घ्यावेत आणि काय सापडलं ते जाहीर करावं. नुसतं 'नमुने पाठवले' ही बातमी आम्ही खूप छापली.

५. कारखान्यांनी टोळ्यांच्या कोप्यांवर पाणी, रक्ततपासणी आणि आजारपणाचा बिनखाड्याचा दिवस द्यावा. मुकादमानं बाटली हिशोबात लावली तर तो हिशोब कारखान्यानं तपासावा.

आणि आपल्यासाठी एकच. घरातल्या पोराच्या बॅगेतली पुडी उलटी करून मागची बाजू वाचा. इंग्रजी येत नसेल तर फोटो काढून मला पाठवा, मी वाचून सांगतो. छातीत धडधडलं, चक्कर आली, तर डॉक्टरला पुडी नेऊन दाखवा. 'काही नाही, हर्बल' असं सांगू नका.

त्या पोरानं काल सकाळी परत पळायला सुरुवात केली. वेळ आधीपेक्षा अकरा सेकंदांनी जास्त लागला. तोंड पाडून बसला होता. म्हटलं, अरे, हा तुझा स्वतःचा वेळ आहे, यातून कमी कर. घरून भिजवलेले हरभरे आणि दोन केळी आणली होती, ती दोघांनी खाल्ली. भरतीची तारीख जवळ आलीय. त्या अकरा सेकंदांपायी त्याचे मार्क जातील, हे मला कळतं. त्यालाही कळतं. त्याच्या शेजारच्या ओळीत पळणारा पुडी मारूनच येणार आहे, हेही आम्हा दोघांना माहीत आहे.

म्हणून हे एकट्या त्या पोरावर सोडून चालणार नाही. बघा, पटतंय का. नसेल पटत तर खाली सांगा, भांडू. पण आधी पुडीची मागची बाजू वाचून या.